शीर्षकात पूर्ण वाक्य, खाली एकच पुरावा: असर्शन-एव्हिडन्स स्लाइड काही महिने वापरल्यावर

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या मायकल अ‍ॅली यांनी रुजवलेली असर्शन-एव्हिडन्स (दावा-पुरावा) ही स्लाइड बनवण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. स्लाइडच्या माथ्यावर ‘निरीक्षणे’ किंवा ‘परिणाम’ असा नुसता मथळा द्यायचा नाही. त्या स्लाइडचा दावा पूर्ण वाक्यात लिहायचा. खाली बुलेट नाहीत, तो दावा पटवणारा एकच आलेख, फोटो किंवा आकृती. परिषदा आणि विभागीय सेमिनार, दोन्हीकडे वापरून मत पक्के झाले आहे: पद्धत उत्तम, पण खरी मेहनत शीर्षकाला नाही, आलेखाला लागते.

शीर्षक २८ पॉइंट, ठळक, डावीकडून सुरू, जास्तीत जास्त दोन ओळी. तिसरी ओळ लागली तर बहुधा दोन दावे एकत्र आलेले असतात; स्लाइड तोडावी. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात शीर्षक ४४ पॉइंट आणि ओळींतले अंतर ०.९ असते. मराठीत त्या अंतराने वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतात. स्लाइड मास्टरमध्ये (सगळ्या स्लाइडांचा मूळ साचा) ते एकदाच १.१ करून टाकावे.

वाक्य लिहिल्याचा सर्वात मोठा फायदा भाषणाआधीच मिळतो. ‘उत्प्रेरकामुळे वेग वाढतो’ असे वर लिहिले, की खालच्या आलेखात उत्प्रेरकाविनाची नियंत्रण चाचणी आहे का, हे डोळ्यांना लगेच कळते. ‘वेगाचा अभ्यास’ या मथळ्याखाली ती उणीव खुशाल लपून राहते.

आता आलेख. शोधनिबंधातला आलेख उचलून चिकटवला की पद्धत तिथेच कोलमडते. मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढण्याच्या लायब्ररीची आकृती मुळात ६.४ × ४.८ इंच, अक्षरे १० पॉइंट. साडेसात इंच उंचीच्या स्लाइडवर ती जवळपास तेवढीच बसते, म्हणजे २८ पॉइंटच्या शीर्षकाखाली १० पॉइंटचे आकडे! मागच्या रांगेला ते दिसत नाहीत. चित्र ओढून मोठे करू नये. आकृतीचा आकारच ११ × ५ इंच धरून पुन्हा काढावी. अक्षांची नावे २० पॉइंट, आकडे १८, रेषा १.५ ऐवजी ३ पॉइंट. लेजेंडची (कोणती रेषा कशाची हे सांगणारी) चौकट काढून प्रत्येक रेषेच्या टोकाशी, त्याच रंगात तिचे नाव लिहावे. तांबड्या-हिरव्या जोडीऐवजी निळा आणि नारिंगी घ्यावा. हीटमॅपला (आकडे रंगछटांनी दाखवणारा आलेख) ‘जेट’ ही इंद्रधनुषी रंगपट्टी नको. तिच्या पिवळ्या-निळसर पट्ट्यांमुळे विदेत (डेटात) नसलेल्या कडा दिसतात. ‘व्हिरिडिस’ ही रंगपट्टी चांगली.

मराठी नावे मॅटप्लॉटलिबमध्ये देऊ नयेत. तिच्या बऱ्याच आवृत्त्यांत जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते. आलेख नावांविना एसव्हीजीत (मोठे केले तरी न फाटणारे चित्र-स्वरूप) काढावा आणि नावे स्लाइडवरच टाइप करावीत.

उणिवाही आहेत. प्रयोगाची मांडणी सांगणाऱ्या स्लाइडला दावा चिकटवणे ओढूनताणून वाटते. तिथे ‘नमुना चार टप्प्यांतून जातो’ एवढे साधे वाक्य पुरे. प्राथमिक निष्कर्षांत पूर्ण वाक्य फार ठाम ऐकू येते, म्हणून नमुन्यांची संख्या आणि एरर बार (बिंदूभोवतीच्या अनिश्चितता दाखवणाऱ्या रेषा) नेमके काय दाखवतात (प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी) हे आलेखावरच लिहावे. शिवाय अशी फाइल नंतर वाचायला पाठवली तर तपशील अपुरा पडतो. बोलायचा मजकूर स्लाइडखालच्या नोट्समध्ये लिहून ‘नोट्स पेजेस’ची (स्लाइड आणि तिच्याखाली नोट्स असलेली पाने) पीडीएफ पाठवावी.