पेडल स्टीलचा पहिला बार: हलका घेऊन फसलो

पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पेडलं आणि गुडघ्याच्या दांड्यांनी सूर बदलणारी दहा तारांची गिटार, घेतली तेव्हा बारचा, म्हणजे डाव्या हाताने तारांवर फिरवायच्या धातूच्या दांडक्याचा, वेगळा विचार केलाच नव्हता. हवाईयन गिटारचा जुना बार घरात पडून होता. दोन्ही बाजूंनी खोबण, बोटांत घट्ट बसणारा, वजनाला हलका. म्हटलं, धातूचा तुकडाच तो, सहा तारांवर चालतो तर दहांवर का नाही?

चार महिने तिसऱ्या तारेची किरकिर ऐकत बसलो. ई-नाइन या पेडल स्टीलच्या नेहमीच्या ट्यूनिंगमधली (तारा जुळवण्याच्या पद्धतीतली) ही सगळ्यात बारीक तार, ०.०११ इंचाची. जोर दिला की सूर चढायचा, जोर काढला की खरखर. तारा बदलल्या, पिकअप (तारांचा आवाज उचलणारं चुंबक) खालीवर केला, गिटारला शिव्या घालून झाल्या. शेवटी एका जुन्या वादकाने काही न बोलता आपला बार माझ्या तळहातावर ठेवला. हात खाली गेला, इतका जड. त्या बारने तीच धून वाजवली आणि किरकिर गायब.

मग डनलॉप कंपनीचा ९२० नंबरचा बार घेतला. व्यास ७/८ इंच, लांबी सव्वातीन इंच. एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल, दुसऱ्या टोकाला अंगठ्यासाठी खळगा. नवशिक्याने दहा तारांसाठी याच मापाचा बार घ्यावा, कंपनी कुठलीही असो. दहा तारांची रुंदी ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या उजव्या टोकाच्या) बाजूला तीन इंचांच्या आसपास जाते, त्यामुळे आखूड बार वरच्या फ्रेट्सवर, म्हणजे ब्रिजजवळच्या सुरांच्या रेघांवर, एखादी तार हमखास उघडी टाकतो. आणि वजन हवंच. तार दाबायचं काम बारच्या वजनाने करायचं, हाताने त्याला फक्त फ्रेटच्या रेघेवर सरळ धरायचं. हलका बार सोपा वाटतो खरा, पण त्याची भरपाई मनगटाला करावी लागते आणि तिथेच सूर बिघडतो.

खोबणीच्या बारची आणखी एक अडचण मला फार उशिरा कळली. तो लोळत नाही. पेडल स्टीलवर व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, बार पुढे-मागे किंचित लोळवून काढतात. गोल बार बोटाखाली आपसूक लोळतो. खोबणीचा मात्र अख्खा हात हलवून घासत न्यावा लागतो.

आता तक्रार. गुळगुळीत बार घामेजल्या बोटांतून साबणासारखा निसटतो. पहिल्याच आठवड्यात माझा फरशीवर पडला आणि बारच्या गोल टोकावर टोचा आला. दिसायला टाचणीच्या टोकाएवढा, पण त्या बाजूने एक तार वाजवली की पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज. तेव्हापासून पायाखाली सतरंजी असते, आणि वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करतो, बारही फडक्याने पुसतो. विकत घेतानाही बारवरून नख फिरवून बघा. काचेवर लोळवा. अडखळला तर परत द्या.

काचेचा एक हाती लागला होता. आवाज मऊ, पण तोही हलकाच. झिर्कोनियम या धातूच्या बारांचं कौतुक पुष्कळ ऐकतो. माझ्या कानांना अजून फरक कळलेला नाही, आणि पेडल दाबताना गुडघा कुठे न्यायचा हेच आठवावं लागतं तोवर कळणारही नाही. १ इंच व्यासाचा जाडजूड बार साधारण बारा तारांवर वापरतात. तो एकदा धरून पाहिला, तर माझं मधलं बोट त्याच्या पुढच्या बाजूला नीट वळेचना.

हात फारच लहान असेल तर ३/४ इंच व्यासाचा बघायला हरकत नाही. लांबी मात्र कमी करू नका.