चष्मा घालवणारं लेझर: लॅसिक, स्माइल की पीआरके?

उणे नंबर घालवताना तिन्ही पद्धतींत लेझर एकच काम करतं: कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक थर, मधोमध पातळ करून त्याचा बाक कमी करणं. जाहिराती मशीनच्या नावावर भर देतात, पण आमच्या मते सगळ्यात जास्त वजन द्यायला हवं ते आधीच्या तपासणीला.

हिशेब साधा आहे. साडेसहा मिलिमीटरच्या भागात एक नंबर उतरवायला साधारण 14 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) ऊती जाते. म्हणजे उणे 6 साठी सुमारे 85. लॅसिकमध्ये वर उघडलेली पापुद्र्यासारखी झडप, म्हणजे फ्लॅप, आणखी 110 मायक्रॉनच्या आसपास. कॉर्निया 540 मायक्रॉनचा असेल तर खाली 345 उरतात, काळजी नाही. पण कॉर्निया 490 चा आणि नंबर उणे 8 असेल तर उरतात जेमतेम 267. कमीत कमी 250 ही जुनी मर्यादा, आणि सावध सर्जन 280 ते 300 च्या खाली जात नाहीत. मर्यादा ओलांडली की कॉर्निया हळूहळू पुढे फुगतो, नंबर पुन्हा वाढतो आणि नजर चष्म्यानेही नीट सुधारत नाही. याला एक्टेशिया म्हणतात. सुप्त केराटोकोनस (कॉर्निया आपोआप पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असलेल्या डोळ्यात तर जाडी पुरेशी असूनही हे घडतं. म्हणून फक्त जाडी मोजून भागत नाही. पेंटाकॅमसारख्या यंत्रावर कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढायलाच हवा. सतत डोळे चोळायची सवय किंवा डोळ्यांची जुनी ॲलर्जी असेल तर ते आपणहून सांगा.

सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी एक ते दोन आठवडे, कडक लेन्स वापरणाऱ्यांनी तीन-चार आठवडे लेन्स बंद ठेवावी, नाहीतर नकाशाच चुकीचा येतो. हे न विचारता त्याच दिवशी तपासून दुसऱ्या दिवशीची तारीख देणारं सेंटर आम्ही सुचवणार नाही.

आता पद्धती. लॅसिकमध्ये दुसऱ्याच दिवशी नजर बरीच स्वच्छ होते आणि नंबर थोडा उरला तर पुन्हा दुरुस्ती सोपी. पण फ्लॅप कायमचा कमकुवत दुवा राहतो: डोळ्यावर जोरात मार बसला तर तो वर्षांनंतरही सरकू शकतो. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. स्माइलमध्ये फ्लॅप नसतो, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ऊतीची चकती बाहेर काढतात. मात्र लेझर चालू असताना डोळा हलून त्याला धरून ठेवणारं सक्शन सुटलं तर काम अर्ध्यावर थांबतं, आणि पुढे उरलेला नंबर काढायला बहुधा पीआरकेच करावं लागतं. पीआरके सगळ्यात जुनी. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर स्थिरावायला आठवडे लागतात, मोठ्या नंबरात धूसरपणा येण्याचा धोका असतो. तरीही पातळ, पण नकाशा निर्दोष असलेल्या कॉर्नियाला आम्ही तिलाच पसंती देतो. नंबर फारच मोठा असेल तर लेझरचा हट्ट सोडून आत बसवायच्या आयसीएल लेन्सचा विचार करावा.

कोरडेपणा किरकोळ समजू नका. कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्या पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर थेंब घालावे लागतात. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिच्या लॅसिकवरच्या प्राउल अभ्यासात आधी काहीही त्रास नसलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलय, चमक यांसारखं किमान एक नवं लक्षण जाणवलं. रोजच्या कामात फार अडचण येणारे मात्र एक टक्क्याहून कमी होते, आणि बहुतेक जण निकालावर समाधानी होते. रात्री गाडी चालवणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवावं.

वय 18 च्या खाली, वर्षभरात नंबर 0.5 हून जास्त बदललेला, गर्भारपण किंवा बाळ अंगावर पीत असताना: थांबा. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच, लेझर तो टाळत नाही. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्याचा आतला पडदाही (रेटिना) तसाच नाजूक राहतो, त्याची तपासणी दरवर्षी करायची.

आरोग्य विम्यात 7.5 पेक्षा कमी नंबरासाठीची शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. पॅकेजमध्ये पुनर्दुरुस्ती किती काळ मोफत, हे लेखी घ्या. आधीचे नकाशे, जाडी आणि मूळ नंबर यांची प्रत जपून ठेवा: पुढे मोतीबिंदूची लेन्स निवडताना ती लागते, आणि लेझरनंतर डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जात असल्याने काचबिंदू तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ती दाखवावी लागते.