कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरून एक्सपोजर ठरवता येते का? मिररलेस कॅमेऱ्याच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून चैत्रापर्यंत हा मिररलेस कॅमेरा मी कोल्हापूर आणि आसपासच्या परिसरात सातत्याने वापरला. फोकस, पकड आणि लेन्स यांबाबत मी समाधानी आहे. येथे मात्र एकाच प्रश्नाविषयी लिहायचे आहे : मागच्या स्क्रीनकडे पाहून एक्सपोजर, म्हणजे चित्रासाठी कॅमेऱ्यात घेतलेला प्रकाश, बरोबर आहे की नाही, हे जागेवरच ठरवता येते का?

चित्र उजळ दिसते की काळपट, एवढ्यावरून ते मुळीच ठरवता येत नाही. रंकाळ्याच्या काठी भर उन्हात उत्तम एक्सपोजरचे छायाचित्रही अंधारलेले दिसते आणि हात आपोआप ते वाढवायला जातो. उलट त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर, डोळे काळोखाला सरावलेले असताना, तीच स्क्रीन इतकी तेजस्वी भासते की कमी प्रकाशाचे छायाचित्र भरपूर उजळलेले वाटते. घरी संगणकावर पाहिले की पणत्यांभोवतीच्या पायऱ्या काळ्या पडलेल्या आढळतात. म्हणून स्क्रीनचा आपोआप बदलणारा उजेड बंद करून मी तो मधल्या पातळीवर कायम ठेवला आहे. उन्हात व्ह्यूफाइंडर अधिक उपयोगी पडतो, कारण डोळा टेकवला की बाहेरचा उजेड फारसा आत येत नाही.

खरा आधार हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातल्या उजेडाची वाटणी दाखवणाऱ्या आलेखाचा. डावीकडे 0 म्हणजे पूर्ण काळे, उजवीकडे 255 म्हणजे पूर्ण पांढरे, आणि मधल्या आलेखाची उंची म्हणजे त्या त्या उजेडाच्या बिंदूंची संख्या. आलेखाचा फुगवटा मध्यभागीच असावा असा एक समज आहे, तो सोडून दिलेला बरा. जोतिबाच्या देवळाचा काळा दगड चौकट भरून घेतला, तर आलेख डावीकडेच झुकला पाहिजे. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे मानून चालते, त्यामुळे ते त्या दगडाला राखाडी करते आणि पन्हाळ्यावरच्या पांढऱ्या धुक्याला मळकट. दगडासाठी साधारण एक स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो) कमी आणि धुक्यासाठी तितकाच जास्त, ही दुरुस्ती मला बहुतेक वेळा पुरली.

कॅमेऱ्याची खरी परीक्षा झाली ती जोतिबाच्या चैत्र यात्रेत. उन्हात उडणारा गुलाल लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेपर्यंत भरून टाकतो, पण उजेडाच्या एकत्रित आलेखात लाल रंगाचे वजन साधारण 30 टक्के, हिरव्याचे 59 आणि निळ्याचे 11 धरले जाते. परिणामी एकत्रित आलेख उजव्या कडेपासून दूर, अगदी सुरक्षित दिसतो आणि प्रत्यक्षात गुलालाचे कण, त्यातल्या छटा, भाविकांच्या फेट्यांच्या घड्या एका सपाट गुलाबी ठिपक्यात विरून गेलेल्या असतात. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख उघडले की लाल रेषा उजव्या कडेला चिकटलेली लगेच कळते. कॅमेरा घेताना ही सोय आहे की नाही, हे मेगापिक्सेलच्या आकड्याआधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक बारकावा आहे. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, घेतली तरी हिस्टोग्राम आणि अतिउजळ भागांची स्क्रीनवरची इशारा देणारी लुकलुक सहसा कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपीईजी चित्रावरून काढली जाते. भडक रंगांची शैली निवडली, तर कडा वेळेआधीच गाठल्यासारखी दिसते. न्यूट्रल शैलीत, कॉन्ट्रास्ट कमी ठेवल्यावर, आलेख रॉ फाइलच्या अधिक जवळ येतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळणी, हीही या तीन आलेखांना हलवते. रॉमध्ये थोडी जागा उरलेली असते, पण किती ते प्रत्येकाने आपल्या कॅमेऱ्यावर तपासून घ्यावे.

फ्लॅश वापरताना शटर दाबण्यापूर्वीचा आलेख निरुपयोगी असतो, कारण फ्लॅशचा उजेड त्यात धरलेला नसतो.

माझी एक तक्रार मात्र आजही कायम आहे. या कॅमेऱ्यात चित्र टिपण्यापूर्वी फक्त एकत्रित आलेख दिसतो. तीन रंगांचे आलेख चित्र काढून झाल्यावरच उघडतात. स्थिर दगडासाठी ते चालते. गुलाल उधळला जाण्याच्या क्षणी काढलेले चित्र उघडून पाहायला वेळ नसतो, म्हणून तिथे मी आधीच दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवून उभा राहतो आणि सावल्या नंतर संगणकावर उजळून घेतो.