तयार एमआरएस पावडर: वाढीला उत्तम, झोन मोजायला सांभाळून

दह्यातले किंवा द्राक्षाच्या सालीवरचे लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया वाढवायचे, तर नाशिकच्या कॉलेज-लॅबमध्ये बहुतेकदा तयार एमआरएस पावडरचा (हे जीव वाढवायच्या पोषक माध्यमाचा) डबा उघडला जातो. वाढीपुरतं बोलायचं तर पूर्ण गुण. १९६० साली डी मॅन, रोगोसा आणि शार्प यांनी बसवलेलं हे सूत्र आहे. हे जीव खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ असतात. बरीच अमिनो आम्लं आणि ब-गटातली जीवनसत्त्वं त्यांना स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून लिटरमागे १० ग्रॅम पेप्टोन, १० ग्रॅम बीफ एक्स्ट्रॅक्ट आणि ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. मँगनीज सल्फेट जेमतेम ५० मिलिग्रॅम, पण तेही हवंच: प्लांटारम ही यातली जात ऑक्सिजनच्या त्रासापासून वाचते ती पेशीत साठवलेल्या मँगनीजवर.

ब्रॉथसाठी (पातळ माध्यमासाठी) लिटरला ५५.१५ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे ५०० ग्रॅमच्या डब्यात नऊ लिटर निघतं. डिस्टिल्ड पाणीच वापरा, नळाचं क्लोरीनवालं नको. १२१ अंशांवर १५ मिनिटं पुरेत. जास्त वेळ ठेवलंत तर डेक्स्ट्रोज आणि अमिनो आम्लं एकमेकांशी अभिक्रिया करून ब्रॉथ गडद तपकिरी होतो, पीएच उतरतो आणि वाढ मंदावते. असा ब्रॉथ सरळ टाकून द्यावा.

खरी अडचण या बॅक्टेरियांची जंतुनाशक शक्ती तपासताना येते. या पावडरीत लिटरमागे ५ ग्रॅम सोडियम ॲसिटेट असतं. पीएच ६.५ ला ते निरुपद्रवी, पण कल्चरने (वाढवलेल्या बॅक्टेरियांनी) पीएच ४ च्या आसपास आणला की त्यातलं बहुतेक ॲसिटिक आम्लाच्या रूपात येतं आणि समोरच्या जंतूला तेच मारतं. शिवाय २० ग्रॅम डेक्स्ट्रोजमधून भरपूर लॅक्टिक आम्ल. प्लेटवर सुरेख झोन (समोरचा जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) दिसतो, आणि बॅक्टेरिओसिन (बॅक्टेरियाने बनवलेलं जंतुनाशक प्रथिन) सापडलं असं प्रोजेक्टमध्ये लिहून मोकळं व्हायचं! हे थांबायला हवं.

म्हणून कल्चर न घातलेला एमआरएस लॅक्टिक आम्लाने त्याच पीएचला आणून प्लेटवरच्या शेजारच्या वेलमध्ये (खळग्यात) भरा. सुपरनॅटंटचा (पेशी काढून उरलेल्या द्रवाचा) पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ६.५ करा, हायड्रोजन पेरॉक्साइड घालवायला कॅटलेज हे एन्झाइम द्या आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. एवढं करून झोन उरला आणि ट्रिप्सिन किंवा प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) घातल्यावर गेला, तरच तो प्रथिनाचा मानावा. झोन उरलाच नाही, तरी लगेच हार मानू नका. निसिनसारखी बॅक्टेरिओसिनं पीएच ६ च्या आसपास स्वतःच्याच पेशींना चिकटून बसतात, त्यामुळे आधी पेशी वेगळ्या करून मगच पीएच वाढवावा. कल्चर ४८ तास ठेवण्याचाही मोह नको. बॅक्टेरिओसिनचं उत्पादन बहुतेकदा वाढीच्या शेवटाला शिखर गाठतं, मग प्रथिनं तोडणारे प्रोटिएजेस ते खातात.

ओव्हरलेसाठी (प्लेटवर वरून ओतायच्या थरासाठी) डेक्स्ट्रोज लिटरमागे २ ग्रॅमवर आणलेलं आणि ॲसिटेट वगळलेलं मिश्रण सुटे घटक घेऊन बनवावं. मेहनत जास्त, पण निकाल भरवशाचा. लॅक्टोकॉकस या गटासाठी मात्र एम१७ हे माध्यम घ्या, त्यातला बीटा-ग्लिसरोफॉस्फेट पीएच सावरून धरतो.

पावडर ओल फार पटकन शोषते. नाशिकच्या पावसाळ्यात डबा नीट बंद केला नाही तर आत दगडासारखे गोळे होतात आणि वजनाचा हिशोब चुकतो. वापर कमी असेल तर १०० ग्रॅमचा डबाच मागा, आणि घेताना झाकणाचं सील व मुदत बघा.