साडेआठशेची बाटली: दोन तारे, तेही दुकानदाराला

मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रातून अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पपईसाठी दोन बाटल्या आणल्या. अर्ध्या लिटरला 850 रुपये. आमची सहाशे झाडं, शेंड्याची पानं आकसलेली, फळांवर गोल गोल चकत्या. व्हायरसच तो, रिंगस्पॉट.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. बाटली माझ्या हाती लागली ती दोन फवारण्या झाल्यावर. लेबलवर ठळक अक्षरांत: 'आरएनए तंत्रज्ञान. फक्त रोगट पेशीत काम करते.' वाचून मी तिथंच बांधावर बसले. कारण कल्पना खोटी नाही हो! आरएनए म्हणजे जनुकीय मजकुराची अक्षरांची साखळी, आणि या व्हायरसचा सगळा मजकूर आरएनएतच असतो. व्हायरस पेशीत स्वतःच्या नकला काढताना दुहेरी आरएनए तयार होतो. झाड त्याचे 21-22 अक्षरांचे तुकडे करतं आणि त्याच तुकड्यांवरून व्हायरसचा आरएनए हुडकून कापतं. रिंगस्पॉटही बेरकी. त्याचं एक प्रथिन हे तुकडेच धरून ठेवतं. बाहेरून असे तुकडे द्यावेत तर निरोगी पेशीतला मिळताजुळता जीनही चुकून बंद पडायचा. म्हणून प्रयोगशाळेत तुकडा घडी घालून, कुलूपबंद ठेवायची युक्ती करतात. व्हायरसचा आरएनए येऊन चिकटला की घडी उलगडते, नाहीतर तुकडा गप्प. किल्ली चोराच्याच खिशात!

आता बाटलीची मागची बाजू, बारीक अक्षरं: समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, सूक्ष्म अन्नद्रव्यं, म्हणजे झाडाचं टॉनिक. आरएनएचं नाव नाही. असता तरी उघडा आरएनए आपल्या उन्हात किती टिकणार, आणि मेणचट पानातून आत कसा शिरणार? हवाईत 1998 साली रिंगस्पॉटला दाद न देणारी पपई शेतकऱ्यांना मिळाली, पण तिथं व्हायरसचाच एक जीन झाडात घातला होता, बाटलीत नव्हे. अमेरिकेत 2023 च्या डिसेंबरात फवारायच्या आरएनएला मंजुरी मिळाली, ती बटाट्यावरच्या भुंग्यासाठी.

निकाल? पानं थोडी हिरवी झाली. चकत्या वाढतच राहिल्या.

दुसरी, न फोडलेली बाटली घेऊन मी दुकानात गेले. वाद होणार म्हणून पदर खोचूनच गेले होते. दुकानदारानं बिल बघितलं आणि पैसे परत दिले. वर म्हणाला, "मॅडम, कंपनीचा माणूस सांगतो तेच आम्ही सांगतो. खरं सांगू का, रोगट झाडं उपटा. शेजारी काकडी-भोपळा ठेवू नका. पुढच्या खेपेला जाळीतली रोपं घ्या आणि कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी लावा, हा रोग पसरवणारा मावा आधी तिथं बसतो." हे पहिल्याच दिवशी अण्णांना का नाही सांगितलं, असं विचारलं तर हसला. म्हणून दोनच तारे. ठिबकचं सामान मात्र तिथंच घ्या, भाव रास्त आहे.

नव्वद झाडं उपटली. बाटलीतलं उरलेलं औषध अण्णांनी परसातल्या शेवग्याला मारलं. शेवगा झकास आलाय.