कडबनवाडी ग्रासलँड सफारी: लांडगा दिसो न दिसो, गाइडसाठी जा

इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला जानेवारीत सकाळची सफारी केली. ताडोबावाल्यांना आधीच सांगते, इथे वाघबिघ नाही, पिवळं गवत, खडकाळ माळ आणि मधेमधे बाभळी-बोरी, बास. पण पैसे वसूल झाले ते गाइडमुळे, गावातलेच होते आणि त्यांचं सगळं लक्ष कोण काय खातंय याच्यावर.

गाडी थांबवून पहिल्यांदा काय दाखवलं तर खोकडाची (कोल्ह्याहून लहान, माळावरचा फॉक्स) विष्ठा, नाक मुरडू नका, आत बोराच्या बियाच बिया! थंडीत बोरं पिकली की खोकड त्यावर ताव मारतं, एरवी उंदीर, सरडे, किडे, वाळवी, जे सापडेल ते. पुढे एक पांढरीफटक, खडूसारखी दिसली, ती तरसाची, दुसऱ्याने टाकलेली हाडंसुद्धा कडाकडा फोडून खातो ना, त्यातलं कॅल्शियम. चिंकारा बोरीचा पाला खाताना दिसले, त्यांना म्हणे पाणी प्यायला नाही मिळालं तरी बरेच दिवस पाल्यातल्या ओलाव्यावर भागतं.

लांडगा दिसला पण लांबून आणि जेमतेम. चिंकारा, ससा मारतो तो, पण या भागात त्याचं पोट मुख्यतः शेळ्यामेंढ्यांवर, गाइड म्हणाले, "मॅडम, वाडा (धनगरांचा मेंढ्यांसकट तळ) हलला की लांडगा पण हलतो." हे ऐकून धनगरांबद्दल आदर वाढला, नुकसान त्यांचं आणि फोटो आपले. शिवाय आता पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर फेकतात, मग लांडगा, तरस, कोल्हा सगळे तिकडे, आणि भटकी कुत्री पण तिथेच, म्हणजे कुत्र्यांचे रेबीज, डिस्टेंपर असले जीवघेणे आजार या जंगली प्राण्यांना लागायची भीती. आयतं खाणं दिसायला बरं, पण महागात पडणारं आहे.

बुकिंग ऑनलाइन होतं. दुर्बीण न्याच, प्राणी लांबच असतात आणि कपडे मातकट रंगाचे घाला. सावली जवळपास नाहीच, त्यामुळे उन्हाळ्यात लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर दहानंतरचा विचारसुद्धा करू नका. बोरांच्या सीझनला गेलात तर खोकडाची शक्यता जास्त वाटते मला.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मागच्या गाडीतल्या ग्रुपसाठी, माळावर येऊन ब्लूटूथ स्पीकर कोण लावतं हो?