‘चौघांचा’ तंबू : ११ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये हा डोम तंबू घेतला, साडेचार हजारांत. त्यानंतर तीन महिने तो दिवाणात पडून होता, एकदाही न उघडता. पुढच्या सगळ्या चुका या एका चुकीच्याच पोटच्या.

फेब्रुवारीत काटोलकडे, साळ्याच्या ओळखीच्या संत्र्याच्या बगिच्यात मुक्काम ठरला. मी, बायको, बारा वर्षांचा मुलगा आणि साळा. नागपूरहून साठेक किलोमीटर, मग कशाला फार सामान, असा माझा हिशेब. सावजी मसाला आठवणीने घेतला, हातोडी राहिली. काळी माती वाळून विटेसारखी झालेली. खुंट्या दगडाने ठोकल्या, त्यात चार वाकल्या. पिशवीत दोऱ्यांची एक गुंडी उरली, ती जास्तीची असेल म्हणून तशीच ठेवली. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या चारी बाजूंनी वीतभर बाहेर आलेलं. ते मला उलट छान वाटलं, चपला ठेवायला.

रात्री दीडला वारा सुटला. मग अवकाळी, मग बोराएवढ्या गारा. वरचं कापड आतल्या कापडाला चिकटलं आणि जिथे चिकटलं तिथून झिरपायला लागलं. बाहेर आलेल्या प्लास्टिकवर पडलेलं सगळं पाणी आमच्या खाली येऊन साचलं. भिजलेल्या मातीतून खुंट्या मुळे उपटावेत तशा निघाल्या. उजेड म्हणजे चार मोबाईल, त्यातले दोन बंद. मुलगा वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजत होता. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, हे त्याला शाळेत शिकवलेलं. सहावर आल्यावर आम्ही सगळं टाकून गाडीत पळालो. तेवढं एकच त्या रात्री बरोबर केलं. तंबू विजेपासून काही वाचवत नाही, काचा लावलेली गाडी वाचवते.

सकाळी बगिच्याचे काकाजी आले. झाडाखाली मृग बहाराच्या संत्र्यांचा सडा पडला होता, तोडणी आठवड्यावर आलेली. तरी त्यांनी आधी आमचा तंबू पाहिला, पिशवीतली ती गुंडी काढली आणि म्हणाले, “काहून जी, दोऱ्या काय पिशवीत झोपवाले आणल्या व्हत्या?”

त्या दोऱ्या वरचं कापड ताणून आतल्यापासून वेगळं ठेवण्यासाठी असतात. सूचनापत्रकात चित्रासकट दिलेलं आहे. म्हणून निम्मी गळती मी माझ्या नावावर लिहितो.

उरलेली निम्मी कंपनीची. पुठ्ठ्यावर ‘२००० मिमी वॉटरप्रूफ’ छापलंय. म्हणजे कापडावर २ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलेल. पण हा आकडा फक्त वरच्या कापडाचा. तळाचा उल्लेखच नाही, आणि खरा दाब तिथेच येतो, ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की. तळाच्या शिवणींना पट्टीही लावलेली नाही. घरी येऊन गच्चीवर उभारला, पाइपने पाणी मारलं, तर दोन कोपरे दहा मिनिटांत ओले. हे दिवाळीतच करायला हवं होतं. शिवणींना सीलंट लावलं, ते टिकलंय.

त्यानंतर चार मुक्काम झाले. नागपूरच्या इतवारी बाजारातून ताडपत्री आणली, ती आता तंबूपेक्षा जास्त कामाची वाटते. खालचं प्लास्टिक कापून तंबूपेक्षा चार बोटं आत घेतलं. लोहाराकडून फूटभर लांबीच्या लोखंडी खुंट्या करून घेतल्या. ओझं वाढलं, पण काळ्या मातीत दुसरं काही टिकत नाही. कपाळाला बांधायचा दिवा प्रत्येकाचा वेगळा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप.

चेन हा या तंबूचा सगळ्यात वाईट भाग. धूळ बसली की अर्ध्यात अडकते. मेणबत्ती घासली की महिनाभर चालते. विदर्भात चेन उघडी राहणं चालण्यासारखं नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. म्हणून आता झोपण्याआधी चेन तपासायचं काम बायकोने स्वतःकडे घेतलंय. माझ्यावर विश्वास नाही, रास्तच आहे.

चिखलदऱ्याला फायबरची एक दांडी चिरली. पाइपाचा तुकडा चढवून चिकटपट्टी गुंडाळली, भागलं. सुटी दांडी कंपनी विकत नाही म्हणे. मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस वाळत राहिला तर रंग उडाला. नागपूरच्या उन्हात सावलीतच वाळवा, पण पूर्ण वाळवा. काटोलहून ओलाच गुंडाळून आणला होता, त्याचा कुबट वास अजून गेला नाही.

चौघं झोपलो तर कुशीवर वळायला परवानगी लागते आणि पहाटे श्वासाच्या वाफेने छत आतून ओलं होतं. दोघं आणि सामान, एवढीच याची खरी जागा. त्या हिशेबाने साडेचार हजार जरा जास्त आहेत; तीन हजारांत मिळाला तर घ्या, उरलेल्या पैशांची ताडपत्री आणा.